अडुसष्ट टनांचा अर्जुन

अर्जुन हा भारतीय लष्करासाठी भारतातच आरेखित झालेला मुख्य रणगाडा. तो वापरणारे सैन्य जगात एकच, भारताचे. भारताच्या साठाहून अधिक चिलखती रेजिमेंटांपैकीही तो आहे दोघींकडेच, ४३ आणि ७५ आर्मर्ड रेजिमेंटकडे. पहिल्या आवृत्तीचे वजन साडेअठ्ठावन्न टन, नव्या मार्क-१ए आवृत्तीचे अडुसष्ट. त्याची तोफ, चिलखत, इंजीन, त्याला लागणारे पूल आणि त्याच्या वाट्याला आलेली मोजकी संख्या, यांपैकी कशाचाही हिशेब मांडायला घेतला तरी तो फिरून या वजनापाशी येतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत सैन्ये हलके, मध्यम आणि जड असे वेगवेगळे रणगाडे बाळगत. हलका टेहळणीला, मध्यम मुसंडीला, जड तटबंदी फोडायला. युद्धानंतर इंजिने इतकी ताकदवान झाली की मध्यम रणगाड्याच्या चपळाईने जड रणगाड्याची तोफ आणि चिलखत वाहून नेता येऊ लागले. तेव्हापासून सगळी कामे करणाऱ्या एकाच रणगाड्याला ‘मुख्य रणगाडा’ म्हणतात. तोफ मोठी हवी, चिलखत जाड हवे आणि पळायलाही हवे, या तिन्ही मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात. चिलखत वाढवले की वजन वाढते, वजन वाढले की इंजीन मोठे लागते, इंजीन मोठे झाले की त्याला झाकायला आणखी चिलखत लागते. कोणत्या देशाने या ओढाताणीत कशाला झुकते माप दिले, हे त्याच्या रणगाड्याच्या वजनावरून बऱ्यापैकी ओळखता येते. अमेरिकेचा एम-१ अब्राम्स आणि युरोपातल्या बऱ्याच सैन्यांत असलेला जर्मन लेपर्ड-२ हे आता साठ टनांच्या बरेच पुढे गेले आहेत. रशियन टी-७२ साडेएकेचाळीस टनांचा आणि टी-९० साडेसेहेचाळीसचा. अर्जुन पहिल्या घराण्यातला, आणि त्याला नांदावे लागते दुसऱ्या घराण्याच्या रणगाड्यांनी भरलेल्या सैन्यात.

भारताने रणगाडे बनवायला सुरुवात केली ती चेन्नईजवळच्या अवाडी येथे, ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून. तो विजयंता. अवाडीहून पहिला विजयंता १९६५ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी स्वतःच्या आराखड्याचा रणगाडा हवा, अशी मागणी लष्कराने १९७२ मध्ये नोंदवली आणि १९७४ मध्ये सरकारने साडेपंधरा कोटी रुपये मंजूर केले. रणगाड्यांच्या संशोधनाचे काम त्याआधी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) वाहन संशोधन संस्थेत चाले. सत्तरच्या दशकात ते अवाडीला गेले आणि तिथल्या संस्थेकडे या प्रकल्पाची धुरा आली. मूळ कल्पना चाळीस टनांच्या आसपासच्या, १०५ मिलिमीटर तोफेच्या रणगाड्याची होती. पुढे शेजाऱ्यांकडे मोठ्या तोफांचे रणगाडे येऊ लागले, तशी लष्कराने अपेक्षा वाढवली आणि तोफ १२० मिलिमीटरची ठरली. तिच्यापाठोपाठ वजनही चढत गेले. देशी इंजीन वेळेत जमले नाही, म्हणून जर्मनीच्या एमटीयू कंपनीचे १४०० अश्वशक्तीचे इंजीन आणि रेंक कंपनीची गिअरपेटी घ्यावी लागली. साडेपंधरा कोटींचा प्रकल्प तीनशे कोटींच्या वर गेला. पहिली ऑर्डर २००० मध्ये, १२४ रणगाड्यांची. पहिले पाच रणगाडे लष्कराच्या ताब्यात आले ते ऑगस्ट २००४ मध्ये. मंजुरीपासून तीस वर्षे झाली होती. लेखापरीक्षकांनी या दिरंगाईवर ताशेरे ओढले आणि ते वाजवीच होते. पण सैन्य दर काही वर्षांनी अपेक्षा बदलत होते, हेही त्या तीस वर्षांच्या हिशेबात धरावे लागते.

अर्जुनची तोफ पुण्याची. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने (एआरडीई) ती आरेखित केली. ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तोफेची नळी आतून आटेदार आहे, म्हणजे तिच्यात मळसूत्री खाचा आहेत आणि त्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. ब्रिटनचा चॅलेंजर-२ सोडला तर आजचे बहुतेक मोठे रणगाडे गुळगुळीत नळीची तोफ वापरतात. भारताने आटे ठेवले, ते मुख्यतः ‘हेश’ या गोळ्यासाठी. हेशचे डोके मऊ असते. पोलादावर आदळताच आतले स्फोटक लिंपल्यासारखे पसरते आणि मग बुडाकडचा फ्यूज त्याला पेटवतो. पोलादाला भोक पडत नाही. धक्क्याची लाट मात्र त्यातून आरपार जाते आणि आतल्या बाजूचा पोलादाचा तुकडा उखडून भयानक वेगाने आत फेकला जातो. बंकर, भिंती, जुन्या धाटणीचे रणगाडे यांच्यावर हा गोळा फार चालतो. थरांच्या आधुनिक चिलखतापुढे तो दुबळा पडतो.

त्या चिलखतासाठी दुसरा गोळा असतो, तो म्हणजे खरे तर बाण. टंगस्टनच्या मिश्रधातूची लांब सडपातळ कांब, मागे पंख आणि भोवती नळीत घट्ट बसण्यापुरते हलके कवच. नळीतून सुटताच कवचाचे तुकडे गळून पडतात आणि कांब सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे जाते. तिच्यात स्फोटक नसते, सारी करामत वेगाची आणि वजनाची. अशा पंखवाल्या बाणाला गरगर फिरणे बाधते. म्हणून आटेदार नळीतून तो डागताना भोवती सरकते कडे बसवावे लागते. खाचांमुळे कडे फिरते, बाण जवळपास स्थिर राहतो. हेशसाठी आटे ठेवले, मग आट्यांच्या त्रासातून बाण सोडवण्यासाठी कडे बसवले. एक सोय केली की दुसरीकडे ठिगळ लावावे लागते.

तोफेत गोळा भरण्याचे काम अर्जुनमध्ये माणूस करतो. चौघांच्या चमूत कमांडर, गनर आणि लोडर वरच्या फिरत्या बुरुजात बसतात, ड्रायव्हर खाली पुढे. कमांडर लक्ष्य हेरतो आणि कोणता गोळा ते सांगतो. लोडर तो उचलून तोफेच्या मागच्या तोंडात ढकलतो, खिट्टी बसते, आणि तोफ मागे उसळेल त्या वाटेतून तो अंग काढून घेतो. गनरने लेझरने अंतर मोजलेले असते. संगणक अंतर, वारा, दारूचे तापमान, समोरच्याचा वेग हे सारे जमेला धरून नळी किती उचलायची ते ठरवतो. रणगाडा उधळत असला तरी नळी लक्ष्यावरून हलत नाही. बार झाला की काडतुसाचे कवच दारूबरोबर जळून जाते आणि बुडाची धातूची टोपी तेवढी खाली पडते. जळून जाणाऱ्या या कवचाचे तंत्र पुण्याच्याच सुतारवाडीतल्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने (एचईएमआरएल) विकसित केले. पितळेची भलीमोठी कवचे आत घरंगळत राहिली असती, तर चौघांना पाय ठेवायला जागा उरली नसती. सरावलेला लोडर मिनिटाला सहा ते आठ गोळे भरतो.

चिलखताचे नाव कांचन. हैदराबादच्या कांचनबाग भागातल्या धातुसंशोधन प्रयोगशाळेत ते तयार झाले, म्हणून हे नाव. पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये वेगवेगळ्या पदार्थांचे थर भरलेले, आणि त्यांचा क्रम अर्थातच गुप्त. मार्क-१ए मध्ये त्यावर स्फोटक विटांचे आणखी एक आवरण आले. येणारा गोळा विटेवर आदळला की वीट बाहेरच्या बाजूला फुटते आणि गोळ्याची धार बोथट करते. या विटांच्या विकासात सुतारवाडीचा मोठा वाटा आहे. मार्क-१ए मध्ये अशा एकूण ७२ सुधारणा झाल्या आणि वजन साडेनऊ टनांनी वाढले. इंजीन मात्र तेच राहिले. त्यामुळे टनामागे मिळणारी ताकद चोवीस अश्वशक्तीवरून साडेवीसवर आली, म्हणजे टी-९० पेक्षाही किंचित कमी.

एवढे वजन जमिनीत रुतत कसे नाही, हा प्रश्न इंदापूर तालुक्यातल्या डाळजच्या शेतकऱ्याला पहिल्यांदा पडेल. पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव उजनीच्या फुगवट्याजवळ, भीमेच्या काळ्या मातीत वसले आहे. पाऊस पडल्यावर शेतात शिरलेला उसाचा ट्रक बाहेर काढायला काय कसरत करावी लागते, ते तिथे सांगायला नको. भरल्या ट्रकच्या टायरात चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलो दाब असतो आणि तो साराच्या सारा हातभर जागेवर पडतो. अर्जुनचे वजन दोन रुंद पट्ट्यांवर पसरते. पहिल्या आवृत्तीत चौरस सेंटिमीटरला एक किलोही भार येत नाही, पाऊण किलोच्या थोडा वर. म्हणून ट्रक जिथे आसापर्यंत रुततो तिथून रणगाडा निघून जाऊ शकतो. चिकट काळ्या मातीत तोही फसतो, पण त्याचे कारण वेगळे. माती पट्ट्यांत आणि चाकांत भरत जाते आणि इंजिनाची ताकद ती फिरवण्यातच खर्च होते. वाळवंटात हा त्रास नाही. अर्जुनच्या रेजिमेंटा राजस्थानात आहेत त्यामागे हेही एक कारण आहे.

जमीन एकवेळ सावरून घेते, पूल घेत नाही. पुलाला दाब नव्हे, एकूण वजन पेलायचे असते. भारतातल्या महामार्गांचे पूल इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे बांधले जातात. त्यांतला ‘७०-आर’ हा भार सत्तर टनांच्या पट्टेदार वाहनाचा आहे. प्रत्येक पट्टा ४.५७ मीटर लांब आणि ८४ सेंटिमीटर रुंद धरलेला. डाळजवरून सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशाच्या मनातही येत नसेल, पण राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलाचे गणित करताना अभियंत्याने कागदावर त्यावरून रणगाड्याएवढा बोजा नेलेला असतो. अडुसष्ट टनांचा अर्जुन या सत्तरीच्या आत जेमतेम बसतो. प्रत्यक्षात लांबच्या प्रवासाला रणगाडा स्वतःच्या पट्ट्यांवर जात नाही, ट्रेलरवरून जातो, आणि तेव्हा सगळा बोजा नव्वद टनांच्या पुढे सहज जातो. तो अनेक आसांवर वाटलेला असतो, म्हणून चालते. रेल्वेचे दुखणे निराळे. अर्जुनची रुंदी ३.८६ मीटर, तर प्रवासी डबा सव्वातीन मीटरचा. दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर येणारा असा माल रेल्वेच्या भाषेत ‘ओडीसी’ ठरतो. त्याला खास वाघिण्या लागतात, वेगावर मर्यादा येते आणि वाटेतल्या खांब-फलाटांचा आधी अंदाज घ्यावा लागतो.

युद्धात तर पूल शत्रूने उडवलेलेच असणार, असे धरून चालावे लागते. पुण्याजवळ दिघी येथील संशोधन संस्थेचा (आर अँड डीई) मुख्य विषयच हा आहे. टी-७२ च्या धडावर बसवलेला तिचा पूल पुढे उलगडून वीस मीटरचा खड्डा पार करवतो. ट्रकांवरून नेला जाणारा ‘सर्वत्र’ पंधरा-पंधरा मीटरच्या पाच गाळ्यांचा असतो आणि पंचाहत्तर मीटरपर्यंत पोहोचतो. हे पूल सत्तरच्या भारवर्गात बसवलेले आहेत. पण पंजाबच्या सीमेवर कालवे, चाऱ्या आणि मुद्दाम खोदलेल्या खंदकांचे जाळे आहे. तिथल्या लहानसहान पुलांवरून पंचेचाळीस टनांचा रणगाडा नेणे आणि अडुसष्ट टनांचा नेणे यांत फार फरक पडतो.

वजन आणि ओली जमीन यांची गाठ पडली की काय होते, ते भारतीय लष्कराने सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तर येथे पाहिले. पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले नवे पॅटन होते. समोर डेक्कन हॉर्सचे शेरमन, दुसऱ्या महायुद्धातले, पॅटनपेक्षा दहा-बारा टनांनी हलके आणि तोफेतही कमी. कालवे फोडून शेते भिजवलेली होती आणि उसाच्या फडांत भारतीय रणगाडे दबा धरून बसले होते. पॅटन चिखलात मंदावले, काही रुतले, आणि जवळून टिपले गेले. पाकिस्तानने शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. डेक्कन हॉर्सचे तेव्हाचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले. १९७१ मध्ये शकरगड भागात १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करताना ते पदक दुसऱ्यांदा मिळाले, आणि १९८३ मध्ये वैद्य लष्करप्रमुख झाले. त्यांच्याच ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडे लढताना धारातीर्थी पडले. जन्म पुण्याचा, वय एकवीस. पूना हॉर्स ही १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली रेजिमेंट. १९६५ मध्ये तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिल्लौरा-चविंडाच्या लढाईत पडले होते. तारापोर आणि खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र.

खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा आज नगरला जतन केलेला आहे. नगरची आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था १९४८ पासूनची. देशातला कोणताही रणगाडेवाला, जवान असो वा अधिकारी, नगरला शिकल्याशिवाय पुढे जात नाही. शहराजवळच्या रणगाडा संग्रहालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. चर्चिल, व्हॅलेंटाइन, शेरमन, विजयंता आणि जिंकून आणलेला पॅटन एका आवारात पाहता येतात. रणगाड्यांचे आकारमान आणि चिलखताची जाडी पिढ्यांगणिक कशी बदलत गेली, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते. जवळच खारे-कर्जुने येथे के. के. रेंज हे गोळीबाराचे मैदान आहे. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या गावांना त्याच्या विस्ताराची धास्ती अधूनमधून वाटत असते. याच मैदानावर २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुनच्या तोफेतून लेझरच्या दिशादर्शनावर चालणारे क्षेपणास्त्र सोडून तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदण्यात आले. क्षेपणास्त्र पाषाण आणि सुतारवाडीच्या संस्थांनी डेहराडूनच्या संस्थेबरोबर मिळून बनवलेले.

मग लष्कराचा भर टी-९० वर का? कारगिलच्या आधी पाकिस्तानने युक्रेनकडून टी-८०यूडी रणगाडे घेतले. अर्जुन तयार होण्याची वाट पाहण्याइतका वेळ भारताकडे नव्हता. २००१ मध्ये ३१० टी-९० चा करार झाला आणि पुढे अवाडीतच परवान्याने उत्पादन सुरू झाले. भारतात त्याचे नाव भीष्म. आज हजाराहून अधिक टी-९० भारताकडे आहेत. रशियाबाहेर अल्जीरिया, अझरबैजान, तुर्कमेनिस्तान, इराक, व्हिएतनाम आणि युगांडा यांच्याकडेही तो आहे. टी-९० मध्ये लोडर नाही. तोफेखाली धडाच्या तळाशी फिरत्या चक्रात बावीस गोळे रचलेले असतात आणि यंत्र ते उचलून भरते. एक माणूस कमी झाल्याने बुरूज लहान होतो, उंची सव्वादोन मीटरवर येते आणि चिलखताला झाकायला कमी जागा उरते. साडेसेहेचाळीस टनांत बसण्याचे रहस्य ते आहे. त्याची किंमतही आहे. चक्रापर्यंत मारा पोहोचला तर सगळी दारू एकदम पेटते. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात याच धाटणीच्या रणगाड्यांचे बुरूज धडापासून उडून पडलेले जगाने छायाचित्रांत पाहिले.

मार्च २०१० मध्ये राजस्थानात अर्जुन आणि टी-९० यांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, पण नेमबाजीत अर्जुन सरस ठरल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या आणि त्याच वर्षी आणखी १२४ अर्जुनची ऑर्डर देण्याचे ठरले. अर्जुनचे समर्थक तेव्हापासून लष्कराच्या रशियन प्रेमाला बोल लावतात. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही, मात्र ती अर्धीच आहे. ज्या सैन्याचे पूल, ट्रेलर, वाघिण्या, दुरुस्तीगाड्या आणि सुटे भाग टी-७२ व टी-९० भोवती रचलेले आहेत, त्याला वीस टनांनी जड पाहुणा सांभाळणे म्हणजे दुसरा संसार मांडणे आहे. चाचणीच्या मैदानावर हा खर्च दिसत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत मार्क-१ए रणगाडा तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्याकडे सुपूर्द झाला. त्याच सप्टेंबरात अशा ११८ रणगाड्यांची ७,५२३ कोटी रुपयांची ऑर्डर अवाडीला मिळाली. जर्मन इंजीन जुन्या पिढीतले, त्यामुळे त्याच्या पुरवठ्यात अडचणी आल्या. मार्च २०२४ मध्ये म्हैसूरच्या बीईएमएल कारखान्यात देशी १५०० अश्वशक्तीच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली.

एवढ्यात लष्कराची नजर उंचावर गेली होती. डोंगरात रणगाडे नेण्याची कल्पना नवी नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सेव्हन्थ कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट झोजिला खिंडीत चढले, तेव्हा समोरच्यांना रणगाडा येईल असे वाटलेच नव्हते. २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर टी-७२ आणि टी-९० पूर्व लडाखला पोहोचले आणि ऑगस्टअखेर कैलास रांगेवर उभे राहिले. विरळ हवेत इंजिने दमतात, अरुंद चढांवर पन्नास टन वळवणे जिकिरीचे होते. त्या अनुभवातून ‘जोरावर’ हा पंचवीस टनांचा हलका रणगाडा आला. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी तो मिळून बनवला आणि जुलै २०२४ मध्ये हजिरा येथे लोकांसमोर आणला. तोफ १०५ मिलिमीटरची, म्हणजे १९७२ मध्ये अर्जुनसाठी मागितली होती तेवढीच. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने टी-७२ च्या जागी घ्यायच्या भावी लढाऊ वाहनांनाही तत्त्वतः मंजुरी दिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात जोरावरने ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर वेगवेगळ्या अंतरांवर गोळे डागून दाखवले, आणि हवाई दलाने तो विमानातून वाहून नेऊनही पाहिला.